आधी वेळ ठरवा, मग ठिकाण: ठाणे-नवी मुंबईत मे महिन्याची सुट्टी

परीक्षा संपली की घरात रोज सकाळी एकच प्रश्न येतो, "आज कुठे जायचं?" ठाण्यात किंवा नवी मुंबईत एप्रिल-मे काढणाऱ्यांनी हा प्रश्न दुसरा ठेवावा. किती वाजता निघायचं आणि किती वाजेपर्यंत सावलीत परत यायचं, हे आधी ठरवावं. वेळ बरोबर धरली तर मासुंदा तलावाचा कट्टासुद्धा पोरांना पुरतो. वेळ चुकली तर महागडं तिकीट काढून गेलेल्या ठिकाणीही धाकटं रडतं, मोठं चिडतं, आजी गप्प होऊन बसते आणि घरी आल्यावर कुणाचं तरी डोकं दोन दिवस दुखत राहतं. म्हणून हा लेख घड्याळाच्या क्रमाने लिहिला आहे.

आपला उकाडा वेगळा आहे

नागपूर-अकोल्याच्या पाहुण्यांना आपले 36 अंश ऐकायला काहीच वाटत नाहीत. तेच पाहुणे इथे आले की पहिल्या दुपारीच पंख्याखालून हलत नाहीत. अंगावरचा घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. हवामान खात्याचे निकषही म्हणूनच वेगळे आहेत. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार 40 अंशांपासून सुरू होतो, किनारपट्टीवर 37 अंशांपासून; तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर असायला हवं, एवढीच अट. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर उन्हात पुरस्कार सोहळा झाला आणि उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावरचा आकडा चाळिशीच्या आतलाच होता. हे आठवलं की "अजून चाळीस कुठे झालेत?" असं म्हणायचं धाडस होत नाही.

दुसरी बाब वाऱ्याची. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा आपली सुटका करतो, पण तो कुलाब्याला आधी पोचतो आणि ठाण्याला उशिरा. ज्या दिवशी पूर्वेकडून, जमिनीवरून वारे जोरात असतात त्या दिवशी तो आणखी रेंगाळतो आणि शहर तापतं.

तेव्हा पहिलं काम आदल्या रात्रीचं. फोनवर उद्याचं कमाल तापमान, आर्द्रता आणि इशारा या तीन गोष्टी पाहा. आमच्या घरचा नियम असा: 35च्या आत असेल तर सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही बाहेर चालतात, 36च्या पुढे असेल तर सकाळी नऊनंतर उघड्यावर कुणी नाही, आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकलायचा. मुलांना हा नियम सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ऐन वेळी बेत रद्द झाला की त्यांना आपला राग येतो. नियम आधी माहीत असला की तीच मुलं रात्री तापमान बघून आपल्याला सांगतात.

सकाळ: सहा ते साडेनऊ

सुट्टीतली खरी सोन्याची वेळ हीच, आणि बहुतेक घरांत ती झोपेत जाते. रोज उठवू नका, आठवड्यातून दोन सकाळी पुरेत. त्यातली एक फ्लेमिंगोंसाठी राखून ठेवा.

नोव्हेंबरच्या सुमारास आलेले हे रोहित पक्षी मे अखेरपर्यंत ठाणे खाडीत असतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. 2015 मध्ये खाडीच्या या भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये तिचं नाव रामसर यादीत गेलं. आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर जगाने दखल घेतलेली पाणथळ जागा आहे, हे मुलांना जरूर सांगा. पक्षी बघायचे दोन मार्ग आहेत. एक, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट. तिच्या फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, त्यामुळे आगाऊ नोंदणी करताना सकाळची लवकरची फेरी ज्या तारखेला असेल तीच तारीख घ्या. दुपारची फेरी मिळत असेल तर मे महिन्यात लहान मुलांना नेऊ नका. बोटीवर ऊन वरूनही लागतं आणि पाण्यावरूनही.

दुसरा मार्ग फुकटाचा: नेरुळ-सीवूड्सकडची तळी. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलावर चरत असतात, फार लांब. भरतीचं पाणी चिखल झाकायला लागलं की थवे उडून या तळ्यांकडे येतात. म्हणजे आपल्याला सकाळची भरती हवी. इथे कोकणातला जुना हिशोब कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, द्वादशीला नऊ. भरती त्याच्या आधी दीड-दोन तास चढत असते. तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत शुद्ध किंवा वद्य एकादशी-द्वादशीच्या आसपासची सुट्टीची सकाळ शोधा आणि सात वाजता काठावर हजर राहा. हिशोब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या. पण तो मुलांना करायला लावा, कारण पंचांगातली तिथी, चंद्र आणि समोरचं पाणी यांचा संबंध पाठ्यपुस्तकातून असा कळत नाही. दुर्बीण असेल तर न्या. पक्ष्यांच्या जवळ जायचा हट्ट नको, आणि टाळ्या वाजवून थवा उडवणाऱ्यांना सौम्यपणे थांबवा. करड्या रंगाचे पक्षी दिसले तर ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू येतो.

दुसरी सकाळ येऊरची. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच ठाण्याकडचा भाग आहे, त्यामुळे वनखात्याचे नियम आणि नाक्यावरच्या वेळा पाळाव्या लागतात. मे महिन्यात बहावा पिवळाधमक फुललेला असतो. रस्त्याने चालत जायचं, पक्षी ऐकायचे, आठ-साडेआठला परत फिरायचं. आतल्या डबक्यांत किंवा तळ्यात पोहायला कुणीही उतरू नये, थोरांनीसुद्धा. करवंदं-जांभळं झाडाची तोडू नका. सकाळी टोपल्या घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून द्रोणभर विकत घ्या. त्यांना मुलांनीच विचारावं, हे कुठल्या झाडाचं, कधी पिकतं. ताडगोळेही याच दिवसांत मिळतात आणि सोलून खाण्यात पोरांचा अर्धा तास सहज जातो.

तिसरी, जरा वेगळी सकाळ वाशीच्या एपीएमसी फळबाजारातली. आठ-नऊ वर्षांच्या वरच्या मुलांनाच न्या, कारण गाड्यांची आणि हमालांची धावपळ असते आणि हात सोडून चालत नाही. फळाच्या आकाराप्रमाणे पेटीत चारपासून सात-आठ डझनांपर्यंत आंबे बसतात, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून पेटी घ्यावी. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, पालघर आणि आपला ठाणे जिल्हाही आहे. पेटीवर कुठला माल लिहिलाय ते मुलांना वाचायला लावा, देठाजवळचा वास घ्यायला शिकवा. मे उजाडला की आवक वाढते आणि भाव उतरतात, म्हणून ही फेरी एप्रिलच्या सुरुवातीला करण्यात अर्थ नाही.

दुपार: अकरा ते साडेचार, छप्पर हवंच

मे महिन्याच्या मध्यावर, 15 ते 17 तारखेच्या सुमारास, आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. साधारण 12 वाजून 35 मिनिटांनी उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. टोपी घालून पाच मिनिटं गच्चीवर जा, पेला किंवा डबा उभा ठेवा, फोटो काढा आणि लगेच खाली या. या दिवसांत दुपारी भिंतीलाही सावली नसते हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसलं की दुपारी खाली खेळायला जाऊ का, हा वाद बराचसा मिटतो.

मॉल हे दुपारचं सोपं उत्तर आहे. तासाभरासाठी ठीक, सबंध दुपार तिथे घालवली तर खरेदी आणि खाण्यातच पैसे जातात आणि पोरं कंटाळतात ती कंटाळतातच. त्यापेक्षा बालनाट्य बघा. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह. सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोग लागतात आणि नाट्यगृह थंडगार असतं. भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत मराठी रंगभूमीची सुरुवात केली. वाशीला जाताना गाडीत एवढं सांगितलं तरी नाट्यगृहाच्या नावाला मुलांच्या लेखी अर्थ येतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे. सुट्टीपुरतं का होईना, मुलाच्या नावाने वाचनालयाचं खातं उघडा आणि पुस्तक बदलायला त्यालाच पाठवा, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. दुपार घरी पुस्तकासोबत जाईल.

आगगाडीचा प्रवास हीसुद्धा सहलच. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी निघाली ती ठाण्याला आली: 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, 34 किलोमीटर. तोच मार्ग आपण वातानुकूलित लोकलने उलटा करायचा. ठाण्याहून सकाळी साडेनऊ-दहाची गर्दी ओसरू द्या आणि भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत जा. तिथे दाट जुनी झाडं आहेत आणि हम्बोल्ट पेंग्विनचं दालन थंड ठेवलेलं असतं. हे पक्षी पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना आपली हवा सोसत नाही. बुधवारी बाग बंद असते. शनिवार-रविवारी रांग इतकी लांबते की सावलीचा फायदा उरत नाही.

नवी मुंबईकरांसाठी जवळचा पर्याय म्हणजे बेलापूर-पेंधर मेट्रो. 17 नोव्हेंबर 2023 पासून धावते, 11 स्थानकं, साधारण 11 किलोमीटर, सगळा मार्ग उंचावरून, डबे वातानुकूलित. साडेचारच्या सुमारास बेलापूरला चढायचं, पेंधरपर्यंत जायचं, परत फिरून सेंट्रल पार्क स्थानकावर उतरायचं आणि ऊन उतरल्यावर खारघरच्या बागेत शिरायचं. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढी सहल भरपूर होते.

संध्याकाळ

साडेपाचच्या आधी घसरगुंडी, लोखंडी झोपाळे आणि रबरी फरशा तापलेल्या असतात. आपला तळहात टेकवून बघा. पाच सेकंद ठेवता आला नाही तर मुलाला बसवू नका. तलावपाळीची होडी, उपवन, कचराळी, वाशीचं सागर विहार, नेरुळची 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बाग, यातलं घराजवळचं निवडा. मे महिन्यात संध्याकाळी पाम बीच किंवा घोडबंदर रस्त्यावर तासभर अडकून लांबचं ठिकाण गाठण्यात काही राम नाही.

वॉटरपार्कला जायचंच असेल तर

मुलं मागणारच, आणि मागावंच त्यांनी. घोडबंदर रस्त्यावर सूरज आणि टिकुजीनी वाडी ही जुनी ठिकाणं आहेत. आठवड्याच्या मधल्या वारी जा. दार उघडायच्या वेळी आत शिरा आणि पहिल्या दोन तासांत उंच घसरगुंड्या उरकून घ्या, कारण नंतर रांगेतच भाजून निघतो. तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. भाड्याने घेण्यापेक्षा घरून नेलेला बरा. घसरगुंड्यांना उंचीची अट असते, ती मुलाला घरीच मोजून सांगा म्हणजे तिथे डोळ्यांत पाणी नको. पाण्यात असताना तहान कळत नाही आणि ऊन लागलेलंही कळत नाही. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा, लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा त्याहून चांगला. एक ते तीन सावलीत जेवण आणि आराम. आणि उथळ पाण्यातसुद्धा एका मोठ्या माणसाने फोन बाजूला ठेवून फक्त मुलांकडे बघत राहायचं. ही पाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने आई, बाबा, काका, मावशी यांनी वाटून घ्यावी. सगळे बघतायत असं वाटतं तेव्हाच कुणी बघत नसतं.

डबा आणि पाणी

उन्हाळ्यातल्या डब्यात ओलं खोबरं, उकडलेला बटाटा, पनीर, मेयोनेज आणि कापून ठेवलेली फळं नकोत. 32 अंशांच्या वर असं अन्न तासाभरापलीकडे बाहेर ठेवू नये. आपल्या आज्यांनी प्रवासाचे पदार्थ उगीच ठरवले नाहीत: दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, चिवडा. दहीभात न्यायचा तर भात पूर्ण गार करून दुधात कालवा, विरजणापुरतं चमचाभर दही घाला, आणि दुपारी खाईपर्यंत तो बेताचाच आंबटतो. काकडी आणि कलिंगड अख्खं न्या, तिथे कापा. सोबत सुरी, कागद आणि सालांसाठी पिशवी.

पाण्याच्या बाटल्यांपैकी एक आदल्या रात्री अर्धी भरून बर्फ करा, सकाळी वरून पाणी ओता. दर अर्ध्या तासाला सगळ्यांनी चार घोट, तहान असो नसो. कोकम सरबत, कैरीचं पन्हं, मीठ-जिरं घातलेलं ताक, हे बाटलीबंद गोड पेयांपेक्षा केव्हाही चांगलं. जास्त घाम गेला असेल तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात; अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने करू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. केलेलं पाणी 24 तासांत संपवा. घरात कुणाला रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

मे महिन्यातला वाढदिवस

या महिन्यात जन्मलेल्या मुलांची एक खरी अडचण असते: वर्गातले निम्मे मित्र गावी. दरवर्षी रिकाम्या खुर्च्या बघून मूल हिरमुसतं. यावर दोन उपाय आहेत. शाळा सुटण्याच्या आठवड्यात मित्रांबरोबर छोटा खाऊ उरकायचा, आणि खऱ्या तारखेला मामे-चुलत-आते भावंडांना गोळा करायचं. हा दुसरा दिवस खरा मोठा करा.

वेळ संध्याकाळी सातची ठेवा. सोसायटीची गच्ची हवी असेल तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या. दिवसभर तापलेली फरशी साडेपाचला थोडं पाणी शिंपडून निवू द्या. टँकरचे दिवस असतील तर बादलीभरात भागवा आणि पाण्याच्या फुग्यांचा खेळ सोडूनच द्या. वर सतरंज्या, दोन उभे पंखे, एक माठ. माठात वाळ्याची जुडी. स्पीकर दहाच्या आत बंद, तो कायदाच आहे.

क्रीमचा केक या हवेत अर्ध्या तासात खाली बसतो. त्याऐवजी आमरस-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, कुरडया-पापड आणि काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीत दही आणि मीठ वाढतानाच घाला. रस सकाळी काढून गच्चीवर नेऊ नका. संध्याकाळी काढा, फ्रिजमध्ये ठेवा आणि पातेलं थोडं थोडं वर न्या. मेणबत्त्या लावायच्याच असतील तर केक छोटा घ्या, कापायच्या क्षणी वर आणा. खेळ पत्ते, भेंड्या, अंताक्षरी, डोंगर का पाणी; पळापळीचे खेळ आठनंतर. आजी-आजोबांची खुर्ची पंख्यासमोर, आणि त्यांच्यासाठी जिना दोनदा चढावा लागणार नाही अशी सोय.

पाहुणी भावंडं चार दिवस राहणार असतील तर वाळवणाचा घाट घाला. सकाळी सातला गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या, आठपर्यंत सगळे खाली. दुपारचं ऊन आपलं काम करतं. कावळ्यांवर लक्ष ठेवायला कुणाला वर बसवू नका, पातळ जुनी साडी पांघरली की पुरे.

ऊन लागलं तर

मूल गळून गेलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, खूप घाम येतोय, पायात गोळे आले: ताबडतोब सावली, कपडे सैल, मान-काख-कपाळावर ओला पंचा, पंख्याचा वारा, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टर.

मूल बरळायला लागलं, ओळखेना, झटका आला, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं तर तो उष्माघात आहे. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. आणि बंद गाडीत मुलाला "दोन मिनिटांसाठी" कधीच ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकतं, काच जराशी खाली असली तरी.

जूनचे पहिले दिवस

शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात वळिवाचे ढग जमतात आणि सगळ्यांना खारघरच्या पांडवकडा धबधब्याची किंवा येऊरच्या ओढ्यांची आठवण येते. तिकडे जाऊ नका. पांडवकड्यावर बुडून अनेक जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात तिथे बंदी असते. पहिल्या सरी गच्चीवरही नकोत, कारण या पावसाबरोबर विजा असतात. खाली सोसायटीच्या आवारात, गडगडाट थांबल्यावर, जुने कपडे घालून मुलांना मनसोक्त भिजू द्या आणि घरात आल्यावर आलं घातलेलं गरम दूध द्या.